मी अंगावर काढलं नव्हतं

निदान झाल्यावर भेटायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी एकच वाक्य म्हटलं. "तुम्ही बायका ना, सगळं अंगावर काढता." कुणी मायेनं म्हटलं, कुणी जरा दटावून. पहिल्या दोन-तीन वेळा मी नुसती मान हलवली, वाद घालायचं त्राण नव्हतं. मग एका दुपारी फाइल काढून बसले आणि कागद तारखेनुसार लावले. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याचं काम केलं, त्यामुळे कागद लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. दहा महिन्यांत पाच वेळा मी डॉक्टरांकडे गेले होते. तीन वेगवेगळे डॉक्टर. पाचही वेळा तक्रार एकच, लघवीतून रक्त जातंय. पाचही वेळा काहीतरी औषध लिहून घेऊन परत आले. याला अंगावर काढणं म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे.

मला झाला तो मूत्राशयाचा, म्हणजे लघवीच्या पिशवीचा कर्करोग.

पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा मी ५८ वर्षांची होते. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. सकाळी उठून गेले आणि पाहिलं तर कमोडमधलं पाणी लाल. दुखत नव्हतं, जळजळ नव्हती, ताप नव्हता. इतकी वर्षं दर महिन्याला रक्त बघितलेली बाई रक्त बघून किंचाळत नाही, हेही इथेच सांगून टाकते. माझ्या मनात पहिलं आलं ते, पाळी परत सुरू झाली की काय. म्हणून मी एक साधी गोष्ट केली. स्वच्छ पॅड लावलं आणि दिवसभर कामं करत राहिले. संध्याकाळी पॅड जसंच्या तसं पांढरं. मधल्या वेळात चार वेळा लघवीला गेले, चारही वेळा लाल. म्हणजे रक्त कुठल्या वाटेनं येतंय हे मला पहिल्याच दिवशी कळलेलं होतं. पुढच्या दहा महिन्यांत पॅडची ही गोष्ट मी प्रत्येक डॉक्टरला सांगितली. फाइलमध्ये ती कुठेही लिहिलेली नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. रिपोर्टमध्ये लाल पेशी 'भरपूर', आणि संसर्गात वाढतात त्या पू पेशी जेमतेम दोन ते तीन.

"युरिन इन्फेक्शन आहे. या वयात होतंच."

"पण डॉक्टर, जळजळ अजिबात नाहीये."

"प्रत्येकीला होतेच असं नाही."

पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. डॉक्टर खूश, मी खूश. वहिनी फोनवर म्हणाली, "अगं, उन्हाळी लागली असेल. पाणी कमी पितेस तू." पाणी मी खरंच कमी पिते, त्यामुळे तेही पटलं.

सगळी फसगत झाली ती इथे. मूत्राशयातल्या गाठीतून येणारं रक्त रोज येत नाही. दोन-तीन दिवस जातं, आपोआप थांबतं, मग कधी आठवडे तर कधी महिने काहीच दिसत नाही. मी गोळ्या घेतल्या नसत्या तरी ते तिसऱ्या दिवशी थांबलंच असतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली आणि आम्ही सगळ्यांनी श्रेय कावळ्याला दिलं. औषध संपल्यावर लघवी पुन्हा तपासून पाहा, लाल पेशी खरंच गेल्या का ते बघू, असं कुणी म्हणालं नाही. डोळ्यांना दिसेनासं झालेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसत असू शकतं. पण ज्याला बरं वाटतंय त्याची लघवी कोण कशाला तपासतो?

साधारण पाच आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा तेच डॉक्टर. या वेळी गोळ्या वेगळ्या, सात दिवसांच्या. पुन्हा थांबलं.

इथे मला दादाबद्दल सांगायलाच हवं. माझ्या आजाराच्या दीड वर्ष आधी दादाला एकदा लाल लघवी झाली होती. एकदाच. तो ज्या डॉक्टरांकडे गेला ते हेच, आमचे नेहमीचे. त्यांनी त्याची लघवी तपासायलाही पाठवली नाही, समोरच्या समोर युरोलॉजिस्टच्या, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. दहाव्या दिवशी दादाची दुर्बिणीनं तपासणी झालेली होती. प्रोस्टेट वाढलेली निघाली, तिच्यावरच्या फुगलेल्या शिरेतून रक्त आलं होतं. बाकी काही नाही. त्याला काही नव्हतं आणि ते दहा दिवसांत कळलं. मला होतं आणि ते कळायला दहा महिने लागले. डॉक्टर एकच, तक्रार एकच, आईबापही एकच.

डॉक्टर वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. आमच्या घरातली तीन बाळंतपणं आणि दोन ऑपरेशनं त्यांच्या सल्ल्यानं पार पडली आहेत. पुरुषाला लघवीचा जंतुसंसर्ग क्वचित होतो, त्यामुळे पुरुषाच्या लघवीत रक्त दिसलं की डॉक्टरांचं मन लगेच पुढे धावतं. बाईच्या बाबतीत ते पहिल्याच थांब्यावर उतरतं. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषाची वीसच्या आसपास. त्या आखूड वाटेनं जंतू सहज वर चढतात. निम्म्या बायकांना तरी आयुष्यात एकदा हा संसर्ग होतोच. म्हणजे रक्त दिसलेल्या शंभर बायका समोर आल्या तर संसर्ग म्हणणारा डॉक्टर बहुतेक वेळा बरोबरच ठरतो. ज्या थोड्या उरतात त्यांचं काय, हा प्रश्न त्या थोड्यांमध्ये आपण असलो की पडतो.

तिसऱ्या वेळी मीच म्हटलं, आपण स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊ. तेव्हा माझ्या डोक्यात युरोलॉजिस्ट म्हणजे पुरुषांचे डॉक्टर असं पक्कं बसलेलं होतं. खाली कुठूनही रक्त आलं की बाईनं स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं, एवढंच मला माहीत. बाईंनी नीट तपासलं, आतून सोनोग्राफी करायला सांगितली. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर मदतनीस म्हणाली, "लघवी करून या हं, पिशवी पूर्ण रिकामी पाहिजे." मी शहाण्या मुलीसारखी करून आले. गर्भाशयाचं अस्तर पातळ, काळजीचं कारण नाही. एक छोटा फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, तोही जुनाच. पाळी गेल्यावर येणारा कोरडेपणा आहे म्हणाल्या आणि लावायचं मलम दिलं. पॅडची गोष्ट मी सांगितली, त्या हसून म्हणाल्या, "कधी कधी समजत नाही गं नक्की कुठून येतंय ते."

त्या सोनोग्राफीबद्दल मला नंतर युरोलॉजिस्टनी समजावलं. गर्भाशय पाहण्यासाठी आतून सोनोग्राफी करतात तेव्हा पिशवी रिकामी ठेवतात. लघवीची पिशवी पाहायची असेल तर ती भरलेली लागते. रिकामी असली की हवा गेलेल्या फुग्यासारखी ती चुरगळून पडलेली असते, आणि त्या घड्यांमध्ये गाठ लपली तर दिसणार कशी? मशीन तेच होतं, गाठ बहुधा तिथेच होती, आणि ती दिसू नये याची तयारी मी स्वतः दार लावून करून आले होते.

चौथ्या वेळी लघवीचं कल्चर झालं, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी. अखेर. रिपोर्ट आला, जंतूंची वाढ नाही. हा कागद माझ्या फाइलमधला सगळ्यात महत्त्वाचा. त्यावर पेनानं एक बरोबरची खूण आहे आणि खाली तिसऱ्या अँटिबायोटिकचं नाव. जंतू नाहीत, रक्त आहे, तर मग रक्त कशाचं? हा प्रश्न त्या कागदावरच उभा होता. मीही तो वाचला नाही. दुसऱ्याच्या वहीत एक रुपया इकडचा तिकडे झाला तरी मला रात्री झोप यायची नाही, आणि स्वतःच्या कागदावरची ही तफावत मी घडी घालून पाकिटात ठेवली.

पाचव्या वेळेपर्यंत लक्षणं बदलली होती. सारखं लघवीला जावंसं वाटायचं, रात्रीतून पाच-सहा वेळा, आणि आता जळजळही होती. आमचे डॉक्टर बाहेरगावी होते म्हणून दुसऱ्यांकडे गेले. त्यांनी पिशवी जास्त चाळवलेली आहे, वयानं होतं असं, म्हणून ती शांत करायच्या गोळ्या दिल्या. मूत्राशयाच्या अस्तरात सपाट पसरणारा एक कर्करोग असतो. त्याची गाठ बनत नाही, मखमलीसारखे लाल चट्टे दिसतात, आणि त्याची लक्षणं हुबेहूब संसर्गासारखी असतात. तो माझ्याकडे होता, गाठीच्या जोडीला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, रात्री दोनच्या सुमारास, लघवी अडली. आधी गुठळ्या पडल्या, काळपट, बोटाच्या पेराएवढ्या, आणि मग काहीच येईना. पोट दगडासारखं झालं. नवऱ्यानं गाडी काढली. तातडीच्या विभागात ड्यूटीवर एक मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं जाड नळी घातली, मोठ्या सिरिंजनं सलाइन आत सोडून गुठळ्या बाहेर ओढत राहिली. ओढता ओढता विचारलं, "मावशी, शेवटची सिस्टोस्कोपी कधी झाली?"

"ती काय असते?"

तिचा हात क्षणभर थांबला. "रक्त कधीपासून जातंय?"

"दहा महिने."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि पुन्हा सिरिंज भरली. काही बोलली नाही. मला वाटतं खरं निदान मला तिथेच झालं, त्या न बोलण्यात. सकाळी भरलेल्या पिशवीची सोनोग्राफी झाली. उजव्या भिंतीवर चार सेंटिमीटरची वाढ.

युरोलॉजी विभागाच्या बाहेरची बाकं पुरुषांनी भरलेली होती. भिंतीवर तीन तक्ते, तिन्ही प्रोस्टेटचे. काउंटरवरच्या मुलानं माझ्या नवऱ्याकडे पाहून विचारलं, "काका, किती दिवसांपासून त्रास आहे?" नवरा म्हणाला, "मला नाही, हिला." इतक्या वाईट सकाळी मला त्याचं हसू आलं.

दुर्बिणीच्या तपासणीची, म्हणजे त्या सिस्टोस्कोपीची, मला भयंकर धास्ती होती, आणि ती पाच-सात मिनिटांत संपली. बधिर करणारी जेली, थोडा दाब, मग पिशवीत थंडगार पाणी भरत गेल्याची जाणीव. ज्या आखूड नलिकेमुळे बायकांना वारंवार संसर्ग होतो, तिच्यामुळेच त्यांची ही तपासणी पुरुषांपेक्षा सोपी असते. दादा तर आठवडाभर कण्हत होता. एवढी सोपी तपासणी दहा महिने कुणाला आठवली नाही, याचा राग मला त्या टेबलावर पडल्या पडल्या आला. डॉक्टरांनी विचारलं, "बघायचंय का?" पडदा माझ्याकडे वळवला. आत गुलाबी, स्वच्छ भिंत, बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, आणि एका बाजूला पाण्याखालच्या शेवाळासारखी काहीतरी झालर, पाण्याच्या हालचालीबरोबर संथ डोलणारी. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. तिच्या पलीकडे लाल चट्टे होते. ते मात्र सुंदर नव्हते.

भूल देऊन, आतल्या आत खरवडून गाठ काढली. बाहेर टाका एकही नाही. रिपोर्ट आला, हाय ग्रेड, टी-वन. म्हणजे पेशी आक्रमक, अस्तराच्या खालच्या थरापर्यंत घुसलेल्या, पण स्नायूपर्यंत नाहीत. या आजारात सगळा खेळ त्या स्नायूचा. निदानाच्या वेळी चारांतल्या तिघांचा आजार स्नायूच्या अलीकडे असतो, एकाचा पलीकडे गेलेला. अलीकडचा दुर्बिणीनं आणि औषधानं आवरता येतो. पलीकडचा असेल तर बहुधा पिशवीच काढावी लागते, किंवा पिशवी वाचवायची तर किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र द्यावी लागते. माझ्या तुकड्यांत स्नायू पुरेसा आला नव्हता म्हणून पाच आठवड्यांनी पुन्हा तीच प्रक्रिया केली. या वेळी स्नायू मिळाला आणि तो स्वच्छ होता. या पाच आठवड्यांविषयी मी काही लिहिणार नाही.

त्यानंतरचं बोलणं मात्र लिहायला हवं. टी-वन, हाय ग्रेड आणि जोडीला ते सपाट चट्टे, म्हणजे धोका मोठा. म्हणून सर्जननी दोन्ही पर्याय समोर ठेवले: पिशवीत बीसीजी नावाचं औषध सोडायचं, किंवा आत्ताच पिशवी काढून टाकायची. मी विचारलं, "पिशवी काढायची म्हणजे नक्की काय काय काढायचं?" त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढलं. पुरुषाचं असेल तर पिशवीबरोबर प्रोस्टेट जाते. बाईचं असेल तर पूर्वापार पद्धत अशी की मूत्रनलिका, गर्भाशय, नळ्या, अंडाशय आणि योनीची पुढची भिंत, सगळं एकदम.

"माझ्या गर्भाशयानं काय केलंय?"

ते प्रामाणिकपणे म्हणाले, "बहुतेक वेळा काहीच नाही. शेजारी आहे, एवढंच." हल्ली आजार पिशवीपुरता असेल तर यातलं बरंच काही वाचवता येतं आणि तसं करणारे सर्जन वाढताहेत, हेही त्यांनी सांगितलं. आतड्याची नवी पिशवी करून देता येते, पण ती बायकांना कमी वेळा सुचवली जाते. काही बायकांची नवी पिशवी आपोआप रिकामी होत नाही, त्यांना स्वतःच नळी घालून ती रिकामी करावी लागते. नाहीतर पोटावर छिद्र आणि बाहेर चिकटवायची पिशवी.

दुसऱ्या खरवडीच्या वेळी माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या, त्यांची पिशवी काढलेली होती. त्यांनाही सुरुवातीला इन्फेक्शनच म्हटलं होतं, माझ्यापेक्षा जास्त महिने, आणि त्यांचा आजार स्नायूच्या पलीकडे पोचला होता. पोटावरची पिशवी बदलायला त्या झटकन शिकल्या, मलाही दाखवली. कडा कोरडी हवी, नाहीतर गळते, म्हणाल्या. एका रात्री दिवे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "पिशवी काढणार एवढंच कळलं होतं मला. नवऱ्याजवळ जाणं आता जमणार नाही, हे घरी जायच्या दिवशी कळलं." त्यांना कुणी फसवलं नव्हतं. संमतीच्या कागदावर सगळं छापलेलं होतं. त्यांनी विचारलं नाही आणि त्यांच्या वयाच्या बाईला हे सांगायची गरज असते असं कुणाला वाटलं नाही.

मी बीसीजी निवडलं. क्षयाची लस म्हणून बाळाच्या दंडावर देतात तेच. १९७६ मध्ये अल्वारो मोरालेस नावाच्या डॉक्टरांनी मूत्राशयाच्या कर्करोगात त्याचे चांगले परिणाम पहिल्यांदा मांडले. इतक्या वर्षांनंतरही हे औषध पहिल्या रांगेत आहे. नळीनं पिशवीत हे जिवंत पण कमजोर केलेले जंतू सोडतात. दोन तास लघवी रोखून धरायची. दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची म्हणजे औषध सगळ्या भिंतींना लागतं. नंतर सहा तास जी लघवी होईल तिच्यावर ब्लीच ओतून थोडा वेळ तसंच ठेवायचं, मग पाणी सोडायचं. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. पुढे तीन वर्षांत ठरलेल्या अंतरानं तीन-तीनचे सात गट. सगळे मिळून २७.

पहिले दोन सोपे गेले. तिसऱ्यापासून कणकण, जळजळ, दर वीस मिनिटांनी घाई. या वेळी जळजळ झाली की सगळे खूश, औषध काम करतंय म्हणून.

त्या दोन-दोन तासांत डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, पालथी पडून मी फोनवर वाचत राहिले. आधी मला वाटायचं माझं नशीब वाईट. वाचल्यावर कळलं की माझं प्रकरण अगदी नेहमीचं आहे. जगभरात २०२२ मध्ये या कर्करोगाचे ६ लाखांहून जास्त नवे रुग्ण सापडले, त्यांतले चारांपैकी तीन पुरुष. म्हणून तो पुरुषांचा आजार ठरला. त्याची ओळखच कारखान्यात झाली. १८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन सर्जननी फ्युक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठी नोंदवल्या. पुढे तंबाखूचा हात सिद्ध झाला. निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या आजारामागे ती असते. धुरातली रसायनं रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीबरोबर पिशवीत तासन् तास साचून राहतात. कारखान्यातला माणूस, सिगारेट ओढणारा माणूस, असं चित्र एकदा मनात बसलं की त्यात सिगारेटला हात न लावलेली, पाळी गेलेली बाई बसत नाही.

अमेरिकेतला २०१४ मध्ये छापलेला एक अभ्यास सापडला. रक्ताची पहिली नोंद झाल्यापासून कर्करोगाचं निदान होईपर्यंत पुरुषांना सरासरी ७३.६ दिवस लागले, बायकांना ८५.४. बारा दिवस. मला वाटलं, बस, एवढंच? पण मी हिशेबातली बाई, सरासरी काय काय लपवते ते मला कळतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त उशीर झालेले पुरुष १४ टक्के होते, बायका १७ टक्के. मी त्या १७ मधली.

तरी सगळं काही उशिरावर ढकलता येत नाही. आजाराची पायरी सारखी असतानाही बायकांचं जगण्याचं प्रमाण बऱ्याच अभ्यासांत कमी निघालंय, विशेषतः आजार स्नायूत पोचल्यावर. त्याचा शोध घेणारे संप्रेरकांकडे बघतात. या गाठींच्या पेशींवर पुरुषी आणि स्त्री संप्रेरकांना ओळखणारी टोकं असतात, आणि पाळी गेल्यावर आपला सगळा तोल बदलतो. ऑपरेशनमधला फरक आहेच. नव्या औषधांच्या चाचण्यांत बायका कमी असतात, म्हणून औषध बायकांवर कसं चालतं याचा अंदाज पुरुषांवरून बांधावा लागतो.

पण माझ्या मनात घर करून राहिला तो नॉर्वेच्या कर्करोग नोंदणीवरचा २०१८ चा अभ्यास. तिथे बायकांचं पिछाडीवर असणं पहिल्या दोन वर्षांपुरतं निघालं. ती दोन वर्षं काढली की पुढे बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा चांगलं. मी हे पालथी पडून वाचत होते आणि औषध बाहेर सोडायला अजून चाळीस मिनिटं होती. बाईचं शरीरच या आजाराला कच्चं असतं तर ती पुढे सरस कशी ठरली असती? बायका दाराशीच जास्त पडतात, कारण त्या दाराशी उशिरा पोचतात किंवा पोचवल्या जातात. हे माझं वाचन, मी डॉक्टर नाही. युरोलॉजिस्टना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगदीच चूक नाही."

सहा डोस झाल्यावर आमच्या जुन्या डॉक्टरांकडे मुद्दाम गेले. भांडायला नाही, निदान घरून निघताना तरी नाही. पाचही कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि कल्चरच्या रिपोर्टवर बोट ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढला, पुसला. "माझ्या लक्षात यायला हवं होतं," म्हणाले. मी काही बोलले नाही, कागद गोळा केले. दारापाशी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "दादा कसा आहे?" कसा असणार? ठणठणीत.

दर तीन महिन्यांनी दुर्बीण, दोन वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी. हा आजार पुन्हा पुन्हा उगवणारा म्हणून ओळखला जातो, त्यामुळे तारखा सुटत नाहीत. एकदा एक संशयास्पद चट्टा दिसला, तुकडा काढला, बीसीजीनं आलेली सूज निघाली. बाकी आतापर्यंत स्वच्छ. २४ डोस झाले, तीन उरले.

ते तीन गेल्या महिन्यात सुरू व्हायचे होते. आदल्या दिवशी सकाळी लघवीला गेले आणि कळ आली, झणझणीत. दर अर्ध्या तासानं, दोन-दोन थेंब, गढूळ, वास मारणारी. हातपाय गार पडले. विभागात फोन केला, तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "औषध काही घेऊ नका, आधी कल्चर द्या." दोन दिवसांनी रिपोर्ट आला. ई. कोलाय नावाचे जंतू, एक लाखाच्या वर वाढ, कुठलं औषध चालेल त्याची यादी खाली. आयुष्यात पहिल्यांदा मला खरोखरचं युरिन इन्फेक्शन झालं होतं. मी रिपोर्ट नवऱ्याला वाचून दाखवला, त्याला कळेना मी हसतेय का.

संसर्ग असताना बीसीजी देत नाहीत, म्हणून डोस पुढे गेला. औषध संपल्यावर दोन आठवड्यांनी सिस्टरनी स्वतः फोन केला, "लघवी परत तपासायला आणा." मी म्हटलं, "मला आता काही त्रास नाही." "म्हणूनच आणा," त्या म्हणाल्या.

पू पेशी एक ते दोन, लाल पेशी नाहीत. तो कागद त्या जुन्या पाचांच्या मागे लावलाय. पुढचा डोस बुधवारी आहे.